गार पाइप, गरम हवा

धामापूरचे एक निवृत्त हेडमास्तर माझे जुने गिऱ्हाईक. मालवण-कुडाळ रस्त्यावर मी गॅरेज घातलं तेव्हापासून त्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. गेल्या मे महिन्यात ते आले आणि म्हणाले, "मेस्त्री, एसी लावला की गरम हवा येते. हिला दर आठवड्याला गोव्याला दवाखान्यात न्यावं लागतं. उकाड्याने तिचा जीव कासावीस होतो हो."

गॅस थोडा कमी होता, तो भरला. कॉम्प्रेसर चांगला चालत होता. बॉनेटखालचा पाइप गार पडून त्यावर पाण्याचे थेंब जमले. पण आत बसून जाळीसमोर हात धरला, तर वारा गरमच. दुसऱ्या खेपेला कूलिंग कॉइल काढून धुतली. तिसऱ्या खेपेला व्हॉल्व्ह बदलला. पाइप गार, हवा गरम. माझी अक्कल चालेना.

चौथ्यांदा सर आले ते गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून जरा अवघडूनच म्हणाले, "रागावू नका. कुडाळला तो मस्कतहून आलेला आहे ना, त्याला एकदा दाखवू या का? तुम्हीही चला."

मस्कतवाला आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगण्यात मी पुढे, हे तोही कबूल करायचा. पण उस्तादांनी गॅरेज बंद केलं तेव्हा गॅस तपासायचं आपलं पितळी गेज त्याच्या हातात दिलं. मला पाठीवर थाप मिळाली. तो ते घेऊन मस्कतला गेला, मी इथेच राहिलो. पंधरा वर्षांनी परत येऊन त्याने हायवेला फक्त एसीचं दुकान काढलं. लोक त्याला इंजिनिअर म्हणू लागले. मी अजून मेस्त्रीच.

मी गेलो तो मदतीला नाही. त्यालाही जमू नये आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडावं, म्हणून गेलो.

"इलंस? बरा झाला," तो मला बघून हसला. इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ. एसीचं काम करून नखं इतकी स्वच्छ कशी राहतात, याचाच मला आधी राग आला.

मी काय काय केलं ते त्याने नीट ऐकून घेतलं. गेज लावलं, थंड पाइपावर बोट फिरवलं आणि सरांना म्हणाला, "सर, ह्येणी केलेला काम एकदम बरोबर आसा. एसीत कायएक दोष नाय."

त्याने मला नावं ठेवली असती तर भांडता आलं असतं. त्याने तीही सोय ठेवली नाही.

मग तो वाकला आणि इंजिनाकडून डॅशबोर्डच्या मागे जाणाऱ्या रबरी पाइपाला हात लावला. "हात लाव बघूया," मला म्हणाला. चटका बसला. त्याने एक चिमटा आणून तो पाइप घट्ट आवळला आणि सरांना आत बसायला सांगितलं. मी मनात म्हणत होतो, नको, नको.

थोड्या वेळाने आतून सरांचा आवाज आला, "अहो, गार यायला लागलं!"

तो हीटरचा पाइप होता. त्यातून इंजिनाचं गरम पाणी आत जातं. त्या पाण्याने तापलेली हवा अडवणारी डॅशबोर्डमागची झडप मोडून उघडी राहिली होती, त्यामुळे गार वारा तिथेच गरम होत होता. कोकणात हीटर लावतो कोण? गाडीत तो असतो, हेच मी विसरलो होतो.

"मस्कतात तरी खंय लागता हीटर," तो म्हणाला, "पण आमच्या फोरमनान पयलो ह्योच पाइप बघूक शिकयल्यान. तुका कोण सांगतलो?"

त्याने हे खरंच माझी बाजू घेऊन म्हटलं. मला ते झोंबलं. झडप बसवायला त्याला दोन तास लागले, आणि तेवढा वेळ मी त्याला पाने देत बसलो.

परतताना सरांनी काचा वर केल्या. "आता हिला काळजी नाही," म्हणाले. मलाही बाईंसाठी बरं वाटायला हवं होतं. वाटलं, पण नंतर.

पंधरा दिवसांनी माझ्याकडे एक पर्यटकांची गाडी आली. तीच तक्रार. मी पाइप आवळला, गार हवा आली. ड्रायव्हर बघतच राहिला. "कसा काय ओळखलात?" "अनुभव," मी म्हटलं.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तेचा नाव घेतलात तर तुमचा काय जाता?" मी आमटी ओरपत राहिलो.

आता सरांची गाडी एसीसाठी त्याच्याकडे जाते आणि ऑइल बदलायला माझ्याकडे येते. आली की मी आधी बॉनेट उघडून त्याने कुठे हात लावलाय ते बघतो. एखादा नट सैल, एखादी वायर लोंबती असेल म्हणून. अजून काही सापडलेलं नाही.