उजवा पाय

आई गेल्यावर मी आबांना साताऱ्याला आमच्याकडे घेऊन आलो. आबा म्हणजे माझे वडील. लहानपण कवठे महांकाळकडच्या माळावर मेंढ्यांमागं अनवाणी गेलेलं, पुढं उभा जन्म सांगलीत मिशनच्या सिस्टर लोकांच्या दवाखान्यात माळीकाम. तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या चर्चमध्ये कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "वडील सांगलीला हॉस्पिटलमध्ये होते." पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं. एकानं तर त्यांना डॉक्टर समजून घेतलं होतं आणि मी ते तसंच राहू दिलं होतं.

मी बँकेत अधिकारी. चर्चच्या समितीवरही आहे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे असते. झावळ्या कुणी आणायच्या, वाचनं कुणी करायची, आणि गुरुवारी पाय धुण्यासाठी कोणते बारा जण बसवायचे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. प्रत्येकानं उजवा पाय उघडा करून पुढं करायचा. फादर गुडघ्यावर बसून त्यावर पाणी ओततात, टॉवेलनं पुसतात आणि वाकून त्याचं चुंबन घेतात.

दोन वर्षांपूर्वी झावळ्यांच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर फादर मला म्हणाले, "यंदा तुमच्या वडिलांना बसवा. इतकी वर्षं श्रद्धेनं येणारा माणूस."

आबांच्या उजव्या पायाला दोन बोटं नाहीत. मेंढरं राखताना बाभळीचा काटा आत मोडला, पाय चिघळला, शेवटी बोटं काढावी लागली. उरलेली वाकडी. टाचेच्या भेगा इतक्या खोल की त्यात माती कायमची बसलेली. पहिल्या बाकावर निवृत्त कर्नलसाहेब बसतात, मिशन शाळेच्या मुख्याध्यापिका बसतात. शिवाय त्या विधीचे फोटो चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात. तो पाय आणि त्यावर टेकलेले फादरांचे ओठ मला डोळ्यांपुढं दिसले.

"त्यांचा गुडघा फार दुखतोय फादर," मी म्हणालो. "तेवढा वेळ बसवणार नाही त्यांना."

"अरेरे. असू दे मग."

इतक्या सहज खोटं बोलता आलं याचं मलाच नवल वाटलं. फादरांनी आबांना सकाळीच फाटकाशी सांगून ठेवलं होतं, हे मात्र मला माहीत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी बँकेतून घरी आलो तर आबा मागच्या अंगणात कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेले. हातात वज्री. टाच घासत होते.

"फादर म्हनलं, आवंदा तुमचं पाय धुणार," ते मान वर न करता म्हणाले. "पायाला माती बघून त्यांना किळस याया नको."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो आणि घरात आलो. मंगळवारी त्यांनी पुन्हा घासलं. बुधवारी माझ्या बायकोकडून नखं काढून घेतली, रात्री खोबरेल चोळलं. बायको मला म्हणाली, "किती आनंदात आहेत ना!" तिलाही मी काही बोललो नाही. फादर स्वतःच त्यांना काही सांगतील, निदान आयत्या वेळी काहीतरी होऊन जाईल, अशा भरवशावर मी तीन दिवस काढले.

गुरुवारी संध्याकाळी आबा धुतलेला सदरा घालून आले. प्रवचन संपलं, बारा जणांना पुढं बोलावलं. आबा उठले. मधल्या वाटेनं चालत खुर्च्यांपर्यंत गेले आणि उजव्या पायातली चप्पल काढून उभे राहिले. बाराही खुर्च्या भरलेल्या होत्या. यादी माझी होती.

मी पुढं झालो, त्यांचा दंड धरला आणि हळूच म्हणालो, "आबा, नाव दुसऱ्याचं आहे. चला मागं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग वाकून चप्पल उचलली आणि ती हातात घेऊनच बाकावर येऊन बसले. सगळं चर्च बघत होतं.

मिस्सेनंतर फादर त्यांच्याजवळ आले. "आजोबा, गुडघा कसा आहे? मुलानं सांगितलं फार दुखतोय म्हणून."

आबांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता. एखादी गोष्ट आत्ता कुठं ध्यानात यावी तसं पाहिलं.

"व्हय फादर," ते म्हणाले. "लय दुखतोय."

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार, येशूला क्रूसावर चढवलं तो दिवस. भर दुपारी चर्चच्या आवारात क्रूसाची वाट असते. चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी प्रार्थना आणि जमिनीवर गुडघे टेकायचे. आबा दरवर्षी खडीवर गुडघे टेकत. सतरंजी द्यायला गेलं तर बाजूला सारत. तो त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

पहिल्या ठिकाणी सगळे खाली गेले. आबा उभेच राहिले, कुंपणाचा गज धरून. मला वाटलं ऐकू आलं नसेल. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला, दुखत असल्यासारखा, आणि माझ्या लक्षात आलं. गुडघा दुखणारा माणूस खडीवर गुडघे टेकत नाही. मी जे बोललो होतो ते आबा निभावत होते.

चौदा वेळा आम्ही खाली गेलो आणि चौदा वेळा माझे वडील एकटे उन्हात उभे राहिले. चौदावं ठिकाण झाल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना खुर्ची आणून दिली. ते "नको, नको" म्हणत राहिले आणि शेवटी बसले. मेलेल्या माणसाच्या घरी बसतात तसे, अंग चोरून.

शनिवारी सकाळी मी फादरांकडे पापकबुलीला गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देव क्षमा करेल. पण हे त्यांनाही सांगायला हवं. माझ्यापाशी सांगून ते सुटत नाही."

आबा अंगणात आळं करत होते. मी शेजारी बसलो.

"आबा, गुडघ्याचं फादरांना मीच सांगितलं."

"म्हाईत हाय."

"मला लाज वाटली."

"पायाची?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. विचार केला. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "मग तसं बोलायचं न्हाई व्हय मला? डावा पाय फुडं केला आस्ता की. डावा बरा हाय."

ते रागावले असते तर मला पेललं असतं. ते खरोखरच तोड सांगत होते. मी तिथंच रडलो. त्यांनी मातीचा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "आरं, उद्या ईस्टर हाय. रडू नगं."

ईस्टरच्या सकाळी ते मिस्सेला नेहमीसारखे गुडघ्यावर बसले. बाहेर पडताना मुख्याध्यापिका बाई त्यांचा हात धरून म्हणाल्या, "आजोबा, गुडघा बरा झाला! प्रभूची कृपा."

"व्हय बाई, लय कृपा," आबा म्हणाले. मी शेजारीच होतो. तेव्हा बोललो नाही. त्या बाईंना मी अजूनही खरं सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी बारा जणांच्या यादीत पहिलं नाव मी आबांचं लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला.

"दुसऱ्या कुणाला तरी बसीव. लोक गुडघ्याचं इचारत्याल, आन मला परत खोटं बोलाया लागंल."

मी फार आग्रह केला नाही. नाव खोडलं, दुसरं लिहिलं. आणि ते लिहिताना मला आतून सुटल्यासारखं वाटलं. आदल्या वर्षीच्या त्या आठवड्यात केलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा या एका गोष्टीची मला जास्त लाज वाटते.