लिहिलंय ना पंचावन्न?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या फजितीची एक गोष्ट टोकियोशेजारच्या ग्योतोकुमधल्या तमाम मराठी घरांना तोंडपाठ आहे — ती नव्हे. ती मी स्वतःच लग्नकार्यात सांगतो, हावभावांसकट. मी म्हणतोय ती तिच्या मागे दडलेली दुसरी. पण तिच्याकडे जायचा रस्ता पहिलीच्या अंगणातूनच जातो, त्यामुळे ज्यांनी ऐकली असेल त्यांनी पुन्हा एकदा सोसावी.

चाळिशी उलटल्यावर मी क्यूदो शिकायचं ठरवलं. क्यूदो म्हणजे जपानी धनुर्विद्या. महापालिकेच्या क्रीडा केंद्रात एक छोटं दोजो, म्हणजे सरावाचं दालन आहे, तिथे रविवारी वर्ग चालतो. पहिल्याच दिवशी मी शिक्षिकाबाईंना, म्हणजे मोरी-सेन्सेइंना, ऐटीत सांगून टाकलं की कॉलेजात मी थोडंफार धनुष्य चालवलंय. (चालवलं नव्हतं. एका नाटकात हातात धरलं होतं.) मग त्यांनी विचारलं, ‘‘नान किरो देसु का?’’ किती किलो?

मला वाटलं, दवाखान्यात विचारतात तसं असेल. या देशात कशालाही नाव घालायचं म्हटलं की उंची-वजन विचारतातच. मी पोट आत घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘हाचिजूनी.’’ ब्याऐंशी.

त्यांनी विचारलं होतं, किती किलो ओढीचं धनुष्य देऊ. दोरी पूर्ण मागे खेचली की बोटांवर जो भार येतो ती धनुष्याची ओढ. नवशिक्याला दहा-बारा किलोंचं देतात. मोरी-सेन्सेइ सत्तरीच्या. त्या क्षणभर माझ्या दंडांकडे पाहत राहिल्या, मग कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, एवढं जोरदार धनुष्य आमच्याकडे नाही, फार वाईट वाटतं.

झालं एवढंच. एवढंच झालं असतं, पण माझ्या शेजारी मिलिंद उभा होता.

मिलिंद आमच्याच इमारतीतला, आमच्याच ऑफिसातला, पुण्याचाच. त्याचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं, केस माझ्यापेक्षा दाट, आणि गोष्ट सांगण्याची हातोटी — मान्य करायला हवं — माझ्याइतकी. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना तोझाई लाइनच्या लोकलमध्ये, गर्दीत, त्याने ती गोष्ट दोघांना सांगितली. दुपारपर्यंत आख्ख्या मजल्याला माहीत. संध्याकाळपासून माझं नाव बदललं. ‘‘काय ब्याऐंशी, निघालास?’’ जपानी सहकारी माझ्याशी फार सभ्य, ते मला हाचिजूनी-सान म्हणायला लागले. मान देऊन.

हसलो मी. कोण नाही हसणार? स्वतःवर हसणारा माणूस म्हणून माझी थोडी ख्याती आहे, ती सांभाळायची होती. मंजिरीला, माझ्या बायकोलाही तो ब्याऐंशीवहिनी म्हणू लागला. तीही हसायची आणि चहा टाकायची. मला वाटायचं, हिला काही लागत नाही.

मग शाळेची उंदोकाई आली. क्रीडादिन. जपानी शाळांत त्या दिवशी पालकांची रस्सीखेच असते. आमची ईशा आणि मिलिंदचा मुलगा एकाच वर्गात. मी दोराला हात लावतोय तोवर मिलिंदने पोरांना सांगून ठेवलं होतं की हे काका ब्याऐंशी किलो ओढतात. आख्खा वर्ग एका सुरात — हा-चि-जू-नी, हा-चि-जू-नी. आणि आमचा संघ हरला. मी तोंडावर पडलो, चष्मा तिसरीकडे. उठलो तेव्हा ईशा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

पुढच्या वर्षी मी विचारलं, उंदोकाई कधी गं? ती दप्तर भरत म्हणाली, ‘‘बाबा, कोनाकुतेमो ईइ यो.’’ नाही आलास तरी चालेल. अगदी मऊ आवाजात. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी मिलिंदची वाट पाहत होतो. वाट पाहणं — याहून नेमका शब्द मला सापडत नाही. वरून मी तोच, हसणारा, डब्यातली चकली पुढे करणारा. आतून मी त्याचा एकेक शब्द राखून ठेवत होतो. तुम्ही म्हणाल, इतक्या फुटकळ गोष्टीसाठी? हो. मोठा अपमान असता तर भांडता आलं असतं. थट्टेशी कोण भांडणार? मग ती पोटातच राहते आणि तिथेच पोसते.

दरम्यान मी धनुष्यांचा अभ्यास केला. किलो हा शब्द ऐकून पुन्हा कधी गडबडायचं नाही, म्हणून. जपानी, इंग्रजी, तुर्की — लाकूड कुठलं, ओढ किती, बाण किती जड. धनुष्याची ओढ मोजायला मी आमचा बॅगांचा काटाच वापरायचो. परदेशातल्या मराठी घरात तो असतोच: विमानतळावर चिवडा बाहेर काढायची वेळ येऊ नये म्हणून बॅग अडकवून उचलायचा, हाताएवढा डिजिटल काटा. आकडा धनुष्याच्या दोरीत अडकवायचा, खेचायचं, वजन वाचायचं. दोजोत लोक मला विचारायला येऊ लागले. मोरी-सेन्सेइसुद्धा एकदा म्हणाल्या, हाचिजूनी-सानना विचारा.

मिलिंदला क्यूदोचा लवकरच कंटाळा आला. त्याने परदेशी पद्धतीचं लाकडी धनुष्य जुन्या बाजारातून घेतलं — चाकं-कप्प्या नसलेलं, पारंपरिक — आणि चिबातल्या एका मैदानावर सरावाला जाऊ लागला. कधी कधी मीही जायचो. नीट बघायचो. तो कधीच दोरी पुरती ओढायचा नाही. हात हनुवटीपर्यंत यायच्या आधीच बाण सुटायचा. हे मी त्याला सांगितलं नाही. का सांगायचं?

आणि एका रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. हातात ते धनुष्य. दक्षिण आफ्रिकेत त्याचा एक जुना मित्र आहे, त्याची मोठी जमीन आहे, तिथे परवान्याने शिकार चालते. जपानात धनुष्याने शिकार करायला बंदीच, पण तिथे चालते. मिलिंदला इलँड मारायचा होता. इलँड म्हणजे हरीण खरं, पण आपल्या बैलाहून थोराड. मित्राची अट एकच: धनुष्य पंचावन्न पाउंडांच्या खाली नको, जास्त असेल तर उत्तमच.

‘‘ब्याऐंशीवहिनी, चहा टाका हो,’’ आत येतायेता तो म्हणाला. मग माझ्यासमोर धनुष्य ठेवलं आणि पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात बोलला. ‘‘तुला यातलं कळतं म्हणून विचारतो. यावर पंचावन्न लिहिलंय. पुरेल ना?’’

लिहिलं होतं. दांड्यावर, बारीक अक्षरात, पंचावन्न. आणि त्याच्यापुढे आणखी बारीक अक्षरात, अठ्ठावीस इंच. म्हणजे दोरी अठ्ठावीस इंच ओढली तरच पंचावन्न. त्याहून आखूड ओढलीत तर प्रत्येक इंचाला दोन-तीन पाउंड गळतात. मिलिंद पंचवीसच्या पुढे जात नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढ्या मोठ्या जनावराला पंचावन्न हीच काठावरची ओढ, तीही जड बाण असेल तर. त्याच्या हातात ते धनुष्य कितीचं होतं? मला माहीत होतं. अंदाजाने नाही, माहीत होतं.

गंमत बघा. मी धनुष्याऐवजी स्वतःचा आकडा सांगितला होता. आणि हा धनुष्याचा आकडा स्वतःचा समजत होता. मला सगळं इतकं स्वच्छ दिसलं की बसल्या जागी अंगावर काटा आला, आनंदाने. इलँडसमोर हा उभा राहणार, बाण लागून खाली पडणार, मित्र बघणार, आणि ती गोष्ट परत येणार. ग्योतोकुला. माझ्याकडे. सांगायला.

तेवढ्यात त्याला भिंतीवरचा काटा दिसला. आम्ही पुढच्या आठवड्यात पुण्याला निघणार होतो, बॅगा हॉलमध्येच उघड्या पडल्या होत्या. ‘‘अरे, हाच ना तुझा फेमस काटा? मोजूनच टाकू.’’

आणि मी म्हणालो — हेच ते, हेच आजवर कुणाला सांगितलं नाही — मी म्हणालो, ‘‘सेल गेलेत त्याचे.’’

‘‘खाली कोंबिनीच्या दुकानातून आणतो की. दोन मिनिटं.’’

तो खरोखर उठला होता. चपलेत पाय घातला होता. मी हसलो. माझं ते सगळ्यांना आवडणारं हसू. म्हटलं, ‘‘बस रे. लिहिलंय ना पंचावन्न? मग झालं.’’

तो बसला. मंजिरीने चहा आणला. वर मी त्याला हलके बाण घ्यायला सांगितले. सरळ जातात, बघायला छान दिसतात. हे कुणी विचारलंही नव्हतं.

पुढचं त्यानेच सांगितलं, आमच्याच हॉलमध्ये, त्याच सोफ्यावर. संध्याकाळी पाणवठ्याजवळ इलँड आला. अंतर फार नव्हतं. बाण बरोबर खांद्यामागे लागला, पण नुसतं टोक आत गेलं. जनावर पळालं. रात्रभर शोधलं, नाही मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर सापडलं. ‘‘उभा होता रे,’’ मिलिंद म्हणाला. ‘‘बाण खांद्यातून लोंबत होता, एक पाय टेकवत नव्हता, आणि चरत होता. चरत होता.’’ मग मित्राने बंदूक घेतली.

तो हे सांगत असताना मला काय वाटलं, ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला गोड वाटलं. पोटभर जेवणानंतर येते तशी सुस्ती आली. मी बारीकसारीक विचारत राहिलो. मित्र काय म्हणाला? बाकीचे होते का कुणी? तू काय म्हणालास? त्याचा चेहरा उतरत होता आणि मी आणखी विचारत होतो. ‘चरत होता’ हे मात्र त्याने आधीच सांगून टाकलं होतं. ते माझ्या हिशेबात नव्हतं. मी बाण लागून खाली पडेल इथवरच पाहिलं होतं. जनावर मी पाहिलंच नव्हतं. जनावराचा माझ्याशी काय संबंध होता? त्याने मला कधी कुठल्या नावाने हाक मारली होती?

शेवटी मिलिंद म्हणाला, ‘‘तू सांगितलंस ते बरोबरच होतं. पंचावन्न पुरतं. मीच कच्चा.’’

इथे तोंड उघडता आलं असतं. मी म्हणालो, ‘‘होतं असं कधी कधी.’’

आणि मग मी ती गोष्ट सांगितली. सोमवारी, तोझाई लाइनवर. चरण्याचा भाग गाळून. लोक हसले. टोपणनाव ठेवायची गरज पडली नाही. मिलिंद त्यानंतर कुणाची थट्टा करताना मला दिसला नाही. हल्ली तो मला सुधीर म्हणतो. हेच तर हवं होतं मला, इतकी वर्षं. त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं की मला दुसरीकडे बघावं लागतं.

धनुष्य तो त्याच दिवशी माझ्याकडे ठेवून गेला होता, म्हणाला, मला नको आता. तो गेल्यावर मी काटा काढला, आकडा दोरीत अडकवला आणि तो ओढायचा तेवढीच ओढली. एकवीस किलो. सेहेचाळीस पाउंड. पुण्याला नेतो त्या बॅगेत तेवीस बसतात.

मी फार बदललोय असं नाही. आजही कधी गर्दीत त्याचा तो उतरलेला चेहरा आठवला की आत कुठेतरी बरं वाटतं, मग ते जनावर आठवतं, मग मी स्टेशनं मोजत बसतो. दोन्ही आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

हे लिहून झाल्यावर मी पहिल्यांदा मंजिरीला वाचून दाखवलं. ती कचरा वेगळा करत होती, बाटल्यांची झाकणं एकीकडे, बाटल्या एकीकडे. शेवटपर्यंत हात थांबवला नाही. मग झाकणांची पिशवी बांधली.

‘‘त्याच सकाळी मी बॅग मोजली होती त्या काट्यावर,’’ ती म्हणाली. ‘‘सेल नवे होते. चहा गाळताना सगळं ऐकू येत होतं मला, आतून सांगता आलं असतं.’’ गाठ नीट बसलीय का ते तिने ओढून पाहिलं. ‘‘पण नुकताच ब्याऐंशीवहिनी म्हणाला होता ना.’’