आत्याचा वार्षिक पास

आता हे ऐकण्याआधी एक करा, चहा जरा गार होऊ द्या. गरम चहा नाकातून आला की फार झोंबतो.

तर सगळा दोष त्या पासाचा! खोपोलीकडच्या एका थीम पार्कचा वार्षिक पास मी घेतला. मी! जिला झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं! पण काउंटरवरची मुलगी इतकं गोड बोलली, की तिला 'नको' म्हणायची भीती वाटली. वर सुमनआत्यालाही घ्यायला लावला. साठी उलटलेली बाई, ती काय पाळण्यात बसणार? तिला मी भुलवलं होतं माहितीपत्रकातल्या एका ओळीने: 'पासधारकांना निवडक हॉटेलांत आकर्षक सवलत.'

"आकर्षक म्हणजे किती गं, मने?"

"अर्धी तरी असेलच," मी ठोकून दिलं.

झालं! आत्याने भिशीत सांगितलं, देवळात सांगितलं, कोळणीलाही सांगितलं. आता सवलत मिळाली नाही तर? तर घरातल्या प्रत्येक बारशाला माझी कथा लागणार! आत्या सोडत नाही हो कुणाला. काकाने एकदा नासके आंबे आणले होते, माझ्या जन्माच्याही आधी. बिचारा अजून ऐकतोय.

शेवटी दिवेआगरकडच्या एका नव्या हॉटेलात मी फोनवर खोली ठरवली. सवलतीचं विचारलं का? छे! तेवढा धीर असता तर पास तरी कशाला घेतला असता? समोर गेल्यावर बघू म्हटलं आणि निघालो. आगरदांड्याहून फेरीबोटीत मी पक्ष्यांचे व्हिडिओ काढत बसले, आणि दिघी येईपर्यंत फोन मेला. हॉटेलचं नाव फोनमध्ये. डोक्यात? नुसता वारा!

बोर्ली पंचतनच्या नाक्यावर रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, इकडे एक नवीन हॉटेल झालंय ना..."

"हाय ना! आजच चालू झालंय जनू. लय गर्दी हाय तिकडं. बसा."

पोफळीच्या वाडीत नवंकोरं दुमजली घर. दारात मांडव, रांगोळी, आणि वर पाटी: 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. पाटीचा खालचा भाग झेंडूच्या तोरणाने झाकलेला. आतून धूर येत होता.

"धूर कसला गं?" आत्याने नाकाला पदर लावला.

"उद्घाटनाची पूजा असेल."

तेवढ्यात पैठणीतल्या एक काकू धावत आल्या. "या या! किती उशीर! बोटीला गर्दी होती का? आधी पानावर बसा बघू!"

बघा, याला म्हणतात स्वागत! मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी. माझं मात्र सगळं लक्ष सवलतीकडे. पिवळा कद नेसलेले मालक समोर आल्यावर मी एका दमात म्हणून टाकलं, "काका, ते, आमच्याकडे पास आहे, तर काही डिस्काउंट...?"

मालक खदखदून हसले. "घ्या! सकाळपासून जो येतो तो हेच विचारतो! अगं, आपल्या माणसांना कसला डिस्काउंट? एक पैसा घेणार नाही!"

एक पैसा नाही! आणि सकाळपासून सगळे पासवालेच? मी आत्याकडे पाहिलं. आत्या माझ्याकडे अशी पाहत होती, जशी आजवर फक्त दहावीत पहिल्या आलेल्या माझ्या चुलतबहिणीकडे पाहत आली होती.

वरची खोली मिळताच आत्या फॉर्मात! दारावरून एक गोरासा तरुण जिलेबीचं ताट घेऊन चालला होता. त्याच्याही अंगावर कद.

"गणवेश झकास दिलाय हो इथे. अहो, इकडे या! आंघोळीला गरम पाणी काढा. उशी कडक आहे, बदला. आणि हिचा फोन चार्जिंगला लावा."

त्याने मुकाट्याने सगळं केलं. आत्याने खूश होऊन त्याच्या हातावर नोट ठेवली. तर त्याने ती कपाळाला लावली आणि आत्याच्या पायाच पडला!

"असा नम्र वेटर जन्मात पाहिला नाही," आत्या म्हणाली, आणि घोरायला लागली.

संध्याकाळी मी ओटीवर कोकम सरबत पीत होते. फोन वाजला. मी दचकले. अर्धं सरबत ओढणीवर.

"मॅडम, हॉटेलातून बोलतोय. दुपारपासून खोली उघडून बसलोय. येताय ना?"

"आलोय की! जेवलोसुद्धा!"

"कुठे?"

चांगला प्रश्न होता. मला एवढंच सुचलं, "आणि पासवर सवलत?"

"खोलीवर नाही हो मॅडम. एक कोकम सरबत फुकट."

नेमक्या त्याच वेळी काकू शेजारी टेकल्या. "तू ह्यांच्या पेणच्या मावशीकडची ना गं?"

मागून मालक म्हणाले, "माझ्या? मी तर तुझ्या माहेरची समजतोय!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं. वाऱ्याने तोरण उडालं होतं आणि खाली लिहिलं होतं: 'लवकरच सुरू होत आहे'.

वास्तुशांत होती हो! नव्या घराची वास्तुशांत! वरच्या खोल्या पुढे भाड्याने द्यायच्या म्हणून सगळे नातेवाईक सकाळपासून डिस्काउंटची थट्टा करत होते.

मी सगळं कबूल केलं, पासावरच्या त्या फुकट सरबतासकट. मग घाबरत विचारलं, "आणि ते वेटर?"

"वेटर?" काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, ते आमचे जावई! मघाशीच मला म्हणाले, त्या आत्या किती मायेच्या, आल्या आल्या माझा मान केला!"

मला उचकीच लागली. "काका, पाया पडते, पण आत्याला सांगू नका!"

मालकांचे डोळे हसून हसून गळत होते. "वास्तूच्या दिवशी आलेला पाहुणा कुणी घालवतं का? राहा निवांत. आत्यांना पासवरच ठेवू!"

सकाळी निघताना आत्या म्हणाली, "चहा तेवढा पातळ होता. पण पास पुढच्या वर्षीही घ्यायचा हं!"

आता तो होमस्टे रीतसर सुरू झालाय. आत्या भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन तिथे जाते, पास गळ्यात अडकवून. मालक पास उलटसुलट बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "पासवाल्यांचं बिल शून्य!" मग आत्याचा मला फोन: "वेडी कुठली! अर्धी म्हणाली होतीस ना? शंभर टक्के आहे, शंभर!"

आणि पाठोपाठ मालकांचा मेसेज येतो. सगळ्या भिशीचं पूर्ण बिल. माझ्या नावाने.

माणूस मात्र सचोटीचा. खाली न विसरता लिहितो: 'तुम्ही पासधारक असल्याने एक कोकम सरबत फुकट.'