बारा मिनिटं उशिरा आलेला ग्रह

आमचे हे, नागसेन, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं फिटर. रिटायर झाल्यावर माणूस जरा टेकतो, नातवंडं खेळवतो. ह्यांनी उणकलच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण मांडली. तिचा आरसासुद्धा स्वतः घासून केला. मी म्हटलं, "हौसेला मोल नाही, पण गुडघ्यांना आहे!" ऐकतील तर शपथ.

बघतात काय, तर लांबच्या ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह. त्याला अधिक्रमण म्हणतात. ग्रह काही दिसत नाही, तारा तेवढा शंभरातला एक भाग मंद होतो आणि दोन-तीन तासांनी पुन्हा होता तसा. ह्यांनी ती वेळ टिपायची. त्यावरून बेंगळुरूच्या संशोधक वेदश्री मॅडम मोठ्या दुर्बिणीची वेळ ठरवतात. ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो, आणि त्या हवेत वाफ आहे की आणखी काय, ते मोठी दुर्बीण ओळखते. गुरूपेक्षा मोठा ग्रह, पण वेळ चुकली की मुसळ केरात.

मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. "अण्णा, तुमचा ग्रह बारा मिनिटं उशिरा आलाय! जवळचा दुसरा ग्रह त्याला ओढत असेल. बाकी सगळीकडं ढग होते, नोंद फक्त तुमचीच. मोठ्या दुर्बिणीची वेळ पुढं ढकलू का?"

"ढकला की! माझी वेळ चुकायची नाही."

मॅडमच्या शोधनिबंधात ह्यांचं नाव येणार म्हणून गल्लीभर पेढे वाटले.

मी मात्र माझा पेढा परत डब्यात ठेवला. बारा मिनिटं! आमचं भिंतीवरचं घड्याळ बरोबर बारा मिनिटं पुढं. ह्यांची पहिली पाळी चुकू नये म्हणून मीच ठेवलेलं. बारा वजा करून बघायचं, हे सगळ्या घराला पाठ. ग्रह टिपायच्या संध्याकाळी नेट गेलेलं, आणि जुना लॅपटॉप वेळ विसरून बसलेला. हे गच्चीवरून ओरडले, "वेळ घाल गं त्यात!" मी भिंतीकडं बघितलं आणि घातली. वजा करायचं राहिलं.

दोन दिवस मी ह्यांना सांगितलं नाही. खोटं कशाला सांगू, वाटलं, राहू दे की! जन्मभर लोखंड घासलं, एकदा कुठं नाव येतंय. पण तिकडं मोठी दुर्बीण उशिरा बघणार आणि सुरुवातच हुकणार.

तिसऱ्या दिवशी चहा देताना सांगून टाकलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. कप खाली ठेवला आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, घड्याळ माझंच पुढं होतं. बारा वजा केले तरी सेकंदाची खात्री नाही. नोंद काढून टाकतो."

"बरं झालं, आज सांगितलंत अण्णा. उद्या वेळ पक्की करणार होतो."

मग लॅपटॉप उघडून बसले. मी मागं उभी. त्या नोंदीत निरीक्षकांच्या रकान्यात दोन नावं होती. पहिलं माझं.

"अहो, हे काय?"

"त्या रात्रीच लिहिलं होतं. वेळ तू घातली होतीस. मग एकट्याचं नाव कसं लिहिणार?"

एवढं बोलून ह्यांनी दोन्ही नावं खोडली, आणि मी तिथंच रडायला लागले.