देशानचा उजवा हात

आमच्या लिउगोउ गावात पुरुषांना दोनच गोष्टी येतात, गहू पिकवणं आणि मुष्टिविद्येवर बडबड करणं. मी इन सूजन. जिया वस्तादांच्या अंगणाला लागून माझी तिखट रश्श्याची टपरी आहे. नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते. सकाळची तालीम सुटली की सगळे घामेजलेले गडी माझ्याकडेच येतात, त्यामुळे त्यांची बडबड ऐकून माझे कान किटले आहेत. मी स्वतः रश्श्याचा डाव सोडून कधी काही उचललं नाही. पण मियाओ देशानची गोष्ट मीच सांगितलेली बरी, कारण ज्यांनी ती सांगायला हवी ते सगळे विषय निघाला की वाडग्यात तोंड खुपसतात.

देशान वीटभट्टीवर कामाला होता. दिवसभर ओल्या विटा उचलायच्या, रचायच्या, भाजलेल्या काढायच्या. खांदे दाराएवढे रुंद, मान जाड, आणि हात असे आवळलेले की झोपेतही मूठ सुटायची नाही. त्याची बायको छाओयुन सांगायची की सकाळी गोधडीची कड त्याच्या मुठीतून सोडवायला तिला एकेक बोट उघडावं लागतं. स्वभावाने मात्र माणूस लोण्यासारखा. माझ्या चुलीला सरपण कमी पडलं की न सांगता आणून टाकायचा आणि आभार मानले तर लाजून पळून जायचा.

या देशानला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. जिया वस्तादांचा शिष्य व्हायचं होतं.

तुम्ही म्हणाल, पोरवयापासून त्याच अंगणात घाम गाळतोय, मग शिष्य नाही तर कोण? तर नाही. आमच्याकडे अंगणात येऊन कोणीही शिकू शकतो, पण शिष्य तोच, ज्याने गुडघे टेकून दोन्ही हातांनी वस्तादांना चहाचा वाडगा दिला आणि वस्तादांनी तो प्यायला. आणि चहा द्यायची परवानगी मिळते ती एका परीक्षेनंतर. वस्ताद तुमच्या हाताखाली आपला तळवा धरतात. म्हणतात, टाक भार. मग अचानक तळवा काढून घेतात. हात ओल्या फडक्यासारखा खाली पडला, तर तुम्ही सैल झालात. हवेत तसाच राहिला, तर तुम्ही भार टाकलाच नव्हता, नुसता टाकल्याचा आव आणला होता.

देशानचा हात दरवर्षी हवेत राहायचा. पोरं म्हणायची, दादा, जरा थांबा, टोपी अडकवतो. तोही हसायचा. पण त्याच पोरांना त्याने पहिलं पाऊल टाकायला शिकवलं होतं, आणि एकेक करून ती सगळी चहा देऊन मोकळी झाली. नववर्षाच्या सकाळी शिष्य आत वस्तादांच्या पूर्वजांच्या नामपाट्यांसमोर रांगेने डोकं टेकायचे आणि केस पिकायला लागलेला देशान बाहेर, अंगणातल्या बर्फात, एकटा डोकं टेकायचा. ते बघून मला भारी राग यायचा. मी एकदा वस्तादांना तोंडावर म्हटलंही, प्या की त्याच्या हातचा घोटभर चहा, तुमचं काय जातंय? ते म्हणाले, सूजन, खोटा घोट प्यायलो तर तो त्यालाच बाधेल.

वस्ताद दुष्ट नव्हते, हे सांगायला हवं. ऐंशीला टेकलेला, काटकुळा, दात गेलेला म्हातारा. अंगणात उभा राहिला की खांद्यावर सदरा वाळत घातल्यासारखा दिसायचा. पण एखाद्या धिप्पाड गड्याने त्यांच्या छातीला हात लावला की क्षणभर काहीतरी थरथरायचं आणि तो गडी भिंतीवर जाऊन आदळायचा, भिंतीची माती खाली पडायची. मारलं कुठून, ते मला इतकी वर्षं बघूनही कळलं नाही. ते म्हणायचे, जोर सगळ्यांत असतो, पण तुम्ही तो मुठीत धरून बसता आणि मग तो बाहेर येणार कसा? आधी सैल सोडा. ज्या दिवशी हात तुझा वाटणार नाही, त्या दिवशी माझ्याकडे ये. हे शेवटचं वाक्य ते खास देशानला सांगायचे. देशानने ते काळजावर कोरून ठेवलं होतं. भट्टीवर विटा रचतानाही तो ते पुटपुटायचा, असं छाओयुन सांगते.

त्या वर्षी थंडी फार होती. नदीकडून वारा सुटला होता आणि माझ्या हंड्यावरची वाफ उजव्या बाजूने सरळ गल्लीत जात होती. देशान नेहमीपेक्षा आधी आला. चेहरा लहान मुलासारखा उजळलेला.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर ते निघून जाईल, “आज उठलो तेव्हापासून उजवा हात माझा वाटतच नाही.”

मी म्हटलं, उशाखाली घेऊन झोपला असशील. तो मान हलवत हसला. डाव्या हाताने रस्सा ढवळला, दोन घोट घेतले आणि वाडगा तसाच ठेवून अंगणात गेला. जाताना उजवा पाय किंचित ओढत होता. भट्टीवरचे सगळेच गडी थंडीत पाय ओढतात, मी काही मनावर घेतलं नाही.

टपरीतून अंगण सगळं दिसतं. वस्तादांनी तळवा धरला. देशानने हात ठेवला. तळवा निघाला आणि हात खाली पडला, मांडीवर आपटल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. वस्तादांनी पुन्हा हात उचलला, पुन्हा सोडला. पुन्हा पडला. मग त्या म्हाताऱ्याने देशानचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडायलाच लागला. “इतका भार तर माझ्या वस्तादांच्या हातालाही नव्हता,” ते म्हणाले.

पोरं धावली. प्रत्येकाला तो हात तोलून बघायचा होता. एक उचलतो, सोडतो, आश्चर्याने मान डोलावतो, की दुसरा पुढे. एक जण म्हणाला, दादा, इतकी वर्षं हा कुठे लपवून ठेवला होतात? देशान मधोमध उभा, हसत. मला आठवतं, मीही डाव हातात धरून हसत होते. इतक्या वर्षांनी एका भल्या माणसाच्या मनासारखं होत होतं, हसू नये तर काय करावं?

वस्तादांनी तिथल्या तिथे चहा मागवला. मुहूर्त नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. म्हणाले, याने पुरेशी वाट पाहिली. देशान गुडघ्यांवर बसला, बसताना कलंडला, पोरांनी सावरलं. वाडगा दोन्ही हातांनी द्यायचा असतो. डावा उठला, उजवा उठेना. कोणीतरी हसून म्हणालं, आता इतका सैल झालाय की वाडगाही धरत नाही. सगळे हसले. वस्तादांनी स्वतःच वाकून त्याच्या उजव्या हाताला खालून आधार दिला, वाडग्यापर्यंत नेला आणि ते त्याच्या दोन्ही हातांतून चहा प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत.

मग कोणी त्याला खुर्चीवर बसवलं आणि वस्ताद त्याला आपल्या वस्तादांच्या गोष्टी सांगत बसले. मी वाडगाभर गरम रस्सा घेऊन गेले, म्हटलं, शिष्य महाराज, सकाळचा टाकून आलात, आता तरी प्या. त्याने घोट घेतला आणि तो उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून सदऱ्यावर ओघळला. त्याला कळलंही नाही. तो अर्ध्याच तोंडाने हसत होता.

“वस्ताद,” मी म्हटलं, “ह्याच्या अंगावरून वारं गेलंय.”

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना कळलं, आणि बाकीच्यांना कळायला वेळ लागला, हे मी पाहिलं.

तीनचाकी ट्रॅक्टरवर गोधडी टाकून त्याला तालुक्याच्या गावी नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं? छाओयुनने आमच्याकडे बघितलं. पहाटे, असं कोणीतरी म्हणालं. मग इतका वेळ तुम्ही काय करत होता? काय सांगणार? हात तोलून बघत होतो?

देशान जगला, पण उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, तरी लक्ष देऊन ऐकलं तर कळायचं. आणि तो सुखी होता, हे सगळ्यांत वाईट. येईल त्याला तो डाव्या हाताने उजवा उचलून दाखवायचा, सोडायचा आणि म्हणायचा, पडला, वस्तादांनी चहा घेतला. तो समजत होता की आधी विद्या आली आणि आजार मागून आला.

वस्ताद रोज त्याच्या फाटकापर्यंत येऊन परत जायचे. एके दिवशी मी रस्सा घेऊन चालले होते, तेव्हा छाओयुनने त्यांना तिथेच अडवलेलं दिसलं. त्यांना आत जाऊन खरं सांगायचं होतं. म्हणाले, खोटं घेऊन मला मरायचं नाही.

“तुम्हाला हलकं व्हायचंय,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे आता तेवढी एकच गोष्ट उरलीय. तीही नेणार का तुम्ही?”

म्हातारा मान खाली घालून म्हणाला, नाही सांगणार. तेव्हा तिने दार उघडलं.

देशानने त्यांना बघितलं आणि उठायची धडपड केली. वस्ताद खाटेच्या कडेला बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, गव्हाचं, थंडीचं. मी वाडगा ठेवून निघणार होते. तेवढ्यात देशानने आपला डावा हात, चांगला हात, पुढे केला. वस्तादांना वाटलं, आधार हवाय, म्हणून त्यांनी खाली तळवा धरला. देशान म्हणाला, “काढा.”

वस्तादांनी तळवा काढायला नको होता. पण सवय असते माणसाची. तळवा निघाला आणि देशानचा डावा हात हवेत तसाच राहिला. आम्ही चौघंही त्या हाताकडे बघत होतो. छाओयुनने शेवटी पुढे होऊन तो खाली घेतला.

देशान मूर्ख कधीच नव्हता. तो छताकडे बघत राहिला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, “चहा... परत घ्या, वस्ताद. चुकून दिला.”

“प्यायलेला चहा परत कसा करायचा, ते मला कोणी शिकवलं नाही,” वस्ताद म्हणाले. “शिष्य आहेस तू माझा. आता बोलू नकोस.”

देशानने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही. त्यानंतर मात्र उजवा हात उचलून दाखवणं त्याने बंद केलं. कोणी चहाचा विषय काढला तर डोळे मिटून घ्यायचा.

तो वसंतात गेला. गहू गुडघ्याएवढा झाला होता. शेवटचे कपडे घालायला छाओयुनने मला बोलावलं. दोघींनी मिळून बाह्या चढवल्या. डावा हात न अडखळता बाहीत गेला, मुठीतलं एकही बोट उघडावं लागलं नाही. छाओयुन त्या हाताकडे बघत जमिनीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मीही रडले.

वस्ताद आले तेव्हा आम्ही त्याला झाकत होतो. एवढा म्हातारा माणूस आपल्याहून लहान गेला तर सुतकाचं फडकं बांधत नाही, तरी त्यांनी कमरेला ते पांढरं फडकं बांधलं होतं. ते पायथ्याशी उभे राहिले. खांदे कानांपर्यंत चढलेले, दोन्ही मुठी वळलेल्या, इतक्या की हाडं वर आलेली दिसत होती. अख्खं अंग थरथरत होतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हे आता पडणार.

छाओयुन उठली. मला धडकी भरली, कारण तिच्या मनात काय काय साठलं होतं ते मला ठाऊक होतं. ती त्यांच्यासमोर गेली, त्यांची एक मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि बोटं उघडायला लागली.

“सैल सोडा, वस्ताद,” ती म्हणाली.

त्यांनी प्रयत्न केला. त्यांना जमलं नाही.