दुखवट्याच्या वर्षातली येळवस

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन तपासत होते. "यंदा येळवसला ये," एवढंच म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि रजा टाकली.

काकू म्हणजे पल्लवीची आई. पल्लवी नांदेडच्या कॉलेजात माझी रूममेट होती. या श्रावणात कावीळ वाढून ती गेली, सव्विसाव्या वर्षी. हे आधीच सांगते, कारण पुढचं वर्णन बऱ्यापैकी आनंदाचं आहे आणि त्यात काही लपवलंय असं वाटायला नको.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावास्या. लातूर आणि आसपासच्या भागातला हा मोठा सण. त्या दिवशी घरं बंद करून सगळे शेतात जेवायला जातात. पुण्यात कुणाला हे सांगितलं की आधी स्पेलिंग विचारतात.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी नांदेडला उतरले. थेट लातूरही गाठता आलं असतं, पण मला नांदेड बघायचं होतं. स्टेशनवरून शेअर ऑटोने गुरुद्वारा. मेस बंद असली की आम्ही दोघी इथे लंगरला यायचो. डाळ तीच, घट्ट. फारशी भूक नव्हती, तरी दोन रोट्या खाल्ल्या. गोदावरीच्या घाटावर थोडी बसले, मग स्टँडवर आले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिडकीची जागा हवी तर लवकर चढा. अहमदपूरला चहा होतो. लातूरला गाडी बदलून शिरूर अनंतपाळ, काकूंचं गाव तिथून जवळच. कंडक्टरने माझी सॅक बघून विचारलं, येळवसला का? मग उद्या परतीचं नाव काढू नका म्हणाले, गाड्या असतील पण चढायला माणूस नसेल. तुम्ही जाणार असाल तर खरोखर आदल्या दिवशीच पोचा. अमावास्येला हॉटेलं, दुकानं, सगळं बंद.

गावात पोचले तेव्हा काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि त्यांच्या जाऊबाई दारात उभ्या राहून, दुखवट्याच्या वर्षात सण करतात का, असं विचारत होत्या.

"माणसाला सुतक असतंय," काकू मान वर न करता म्हणाल्या. "शेताला कसलं सुतक?"

आप्पा, पल्लवीचे वडील, पुढच्या खोलीत खाटेवर होते. मला बघून उठून बसले, प्रवासाचं विचारलं आणि परत आडवे झाले. स्वयंपाकघरात काकूंनी मला सरळ सांगितलं. श्रावणापासून आप्पा शेतात गेले नाहीत. शेताला गिऱ्हाईक येऊन बोलून गेलंय. "उद्या बी न्हाई गेले, तर शेत इकतील आन् ह्याच खाटेवर पडून राहतील. म्हणून तुला बोलिवलं. पाहुणीला घरी बसवून ठेवायची त्यांना लाज वाटंल." मला असं वापरलं जाणं आवडत नाही. पण इतकं स्पष्ट सांगितल्यावर नाही कसं म्हणणार? मी शेंगा सोलायला घेतल्या.

सकाळी काकूंनी आंबिलीचं मडकं घोंगडीवर ठेवलं आणि आप्पांकडे न बघता म्हणाल्या, मी भज्जी घेऊन पुढं जाते, ही पुण्याची पोरगी, हिला वाट माहीत नाही. आणि निघून गेल्या. बराच वेळ आम्ही दोघं त्या मडक्याकडे बघत होतो. मग आप्पांनी चपला घातल्या आणि मडकं उचललं.

वाटेत ते एकदाच बोलले. डावीकडे करडई, पुढे हरभरा, असं. बांधावर कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती आणि तिच्या सावलीत रफीकचाचा बसले होते. शिरूरला त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि दर येळवसला ते इथे जेवतात.

"बोलावणं न्हाई आलं यंदा," ते आप्पांना म्हणाले. "म्हणलं विसरला आसंल म्हातारा. इतकी वर्षं तुझी भज्जी खायलोय, आता दुसऱ्याच्या शेतात कुठं सवय लावून घेऊ?"

आप्पा हसले नाहीत, पण मडकं खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसले.

कोपीत चुना लावलेल्या दगडांची पूजा झाली. मग पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची असते, मोठ्याने काही कानडी वळणाचे शब्द म्हणत. अर्थ मी तिघांना विचारला. कुणालाच माहीत नव्हता. हे काम दरवर्षी पल्लवी करायची. यंदा आप्पांनी लोटा उचलला. पूर्वेचा बांध झाला. करडईच्या कोपऱ्यावर त्यांना रडू फुटलं आणि ते तिथेच खाली बसले. खांदे हलत होते. मी उठले, तर काकूंनी हात धरला.

"रडू दे. रडणं काय आज सुट्टीवर हाय व्हय?" त्यांचेही डोळे वाहत होते आणि त्या ताटं मांडत होत्या.

आप्पा उठले. लोट्यात उरलेलं घेऊन राहिलेले बांध पूर्ण केले.

जेवण: भज्जी, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि भाज्या बेसनात शिजवून केलेलं घट्ट कालवण. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे. ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबट आंबील. मी इतकं चांगलं जेवण फार कमी वेळा जेवले आहे. चाचांनी माझ्या तिसऱ्या उंड्यावर शेरा मारला, पुण्यात खायला देत नाहीत का. सगळे हसले, आप्पाही. ऊन छान होतं. जेवणानंतर मी कोपीत चक्क झोपले.

पुण्यात परतून काही दिवस झाल्यावर काकूंना फोन केला. आप्पा शेतात जातात का, विचारलं.

"काल गेलते. आज न्हाई गेले. उठलेच न्हाईत."

"आणि शेत?"

"त्या माणसाला सुगी होऊ दे म्हणलेत." मग म्हणाल्या, "हरभऱ्याचे घाटे भरलेत. सोलाणा खायला येतीस का?"

सुगीनंतर काय, ते काकूंनाही माहीत नाही. मी फोन ठेवून गाडी बघितली. वेटिंग होतं. तिकीट काढलं.