पुतळाबाईंचं वाढलेलं वजन

रिकामं भांडं परत पाठवणारी बाई पुतळाबाईंच्या मनातून कायमची उतरायची. कोणाकडून वाटीभर कालवण आलं, तर त्या वाटीतून निदान गुळाचा खडा तरी जायलाच हवा. राहनाळच्या आमच्या आळीत त्या एकट्या राहायच्या. अंगाने काडी, पण त्यांचा धाक सगळ्यांना.

दोन हजार सहाच्या सुमारास उन्नती नावाची कॉलेजातली मुलगी संशोधनाला आली. अशक्त बायकांनी सोयाबीन घातलेल्या तांदळाच्या पिठाची भाकरी तीन महिने खाल्ली तर वजन वाढतं का, हे तिला बघायचं होतं. अर्ध्या घरांना ते पीठ, अर्ध्यांना साधं. आम्हाला सोयाबीन म्हणजे मटणाचं सोंग घेणारी वडी एवढंच ठाऊक, त्यामुळे पुरुषांनी नाकं मुरडली. बायकांनी मात्र पटापट नावं दिली, कारण पीठ फुकट होतं. पुतळाबाई साध्या पिठात गेल्या आणि शेजारची कमळा सोयाबीनमध्ये.

उन्नतीने हात जोडून सांगितलं की आपल्या घरातलं खाण्याचं काहीही दुसऱ्या घरी देऊ नका, नाहीतर माझी पदवी बुडेल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि संध्याकाळी वाट्या फिरायला लागल्या. श्वास घेऊ नका म्हणाली असती, तर आळीला ते जास्त सोपं गेलं असतं. उन्नती एकेक चोरी पकडायची आणि एकेक नाव खोडायची. साध्या पिठातल्या शेवटी एकट्या पुतळाबाई उरल्या. त्यांच्या घरातून खरोखरच काही बाहेर जात नव्हतं.

आत मात्र येत होतं. कमळाचे घावन आले, बाकीच्या घरांतून वडे आले. पुतळाबाईंना ती भांडी भरून देता येईनात आणि रिकामी देववेनात. होता होता आळीतल्या सगळ्या वाट्या त्यांच्या फळीवर जमल्या आणि आम्ही चहाच्या कपातून आमटी प्यायला लागलो. मी वाट्या मागायला गेले, तर पोरीला शब्द दिलाय म्हणून त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं.

वजनाच्या दिवशी उन्नती मोठ्या आशेने आली. पुतळाबाई काट्यावर चढल्या आणि त्यांचं वजन सोयाबीनवाल्या बायकांपेक्षाही जास्त वाढलेलं निघालं. काटा बिघडला असेल म्हणून उन्नतीने स्वतः चढून बघितलं. मग तिची नजर फळीवर गेली.

"तू कोनाला काय देव नको बोललीस," पुतळाबाई म्हणाल्या. "खाव नको, असां कदी बोललीस?"

उन्नती उंबऱ्यावर बसून रडली. आम्हाला सगळ्यांना फार वाईट वाटलं, पण गेलेले तीन महिने काही परत येणार नव्हते.

पुढच्या वर्षी ती पेढे घेऊन आली. कल्याण नाक्याजवळच्या एका नव्या इमारतीत तिने सगळं पुन्हा केलं होतं. आकडे स्वच्छ आले, पदवी मिळाली. तिथे कोणीच कोणाला काही कसं दिलं नाही, हे पुतळाबाईंना काही केल्या पटेना. उन्नती कौतुकाने म्हणाली की तिथल्या लोकांना शेजाऱ्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

पुतळाबाईंनी पेढा खाली ठेवला.

"मंग आजारी परली, तं त्यांना पेज कोन देतं?"

"ते माझ्या संशोधनात नव्हतं, मावशी," उन्नती म्हणाली.